माँ ब्लाँच्या बर्फातली आपली माणसं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी आल्प्सच्या सहलीवर पानभर मजकूर आला होता, त्यात माँ ब्लाँसाठी (आपल्याकडं बरेच जण माँट ब्लांक म्हणतात) जेमतेम चार ओळी होत्या. केबल कारने वर जा, बर्फात खेळा, फोटो काढा, गरम कपडे न्या, संपलं. लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही त्या पर्वताबद्दल तेवढंच माहिती होतं. पण आता मी तिथं जाऊन आलेय आणि जे बघितलं ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

माझी लेक जिनिव्हाला असते. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडं गेलो होतो, तिथून शामोनी बसने तास-दीड तासावर. शामोनी म्हणजे फ्रान्सच्या बाजूचं खोऱ्यातलं गाव, उंची १०३५ मीटर, आणि मान वर केली की सरळ डोक्यावर माँ ब्लाँ. पश्चिम युरोपातलं सगळ्यात उंच शिखर. त्याची उंची एकच एक अशी सांगता येत नाही, माथ्यावर बर्फाची जाड टोपी आहे, ती वाऱ्यापावसाने कमीजास्त होते, म्हणून दर दोन वर्षांनी नव्याने मोजतात. २०२१ साली ४८०७.८१ मीटर भरली, २०२३ ला ४८०५.५९. टोपीखालचा खरा खडक ४७९२ मीटरवर आहे. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण डोंगराची उंची दोन वर्षांत दोन मीटर खाली येते हे वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

शिखरावर अर्थातच आम्ही गेलो नाही, ते गिर्यारोहकांचं काम. पर्यटक जातात ते एग्वी द्यू मिदी नावाच्या शेजारच्या सुळक्यावर, ३८४२ मीटर. १९५५ पासून तिथं केबल कार आहे, दोन टप्पे, मधे २३१७ मीटरवर गाडी बदलायची, आणि दुसऱ्या टप्प्यात मधे एकही खांब नाही, नुसती तार, खालून कडा वर येत राहतो आणि कान बंद होतात. वीसेक मिनिटांत माणूस पावणेतीन हजार मीटर वर चढतो, त्यामुळं वर पोचल्यावर पहिली पाच मिनिटं आमच्या ह्यांना गरगरलं, एका बाकावर बसवलं, पाणी दिलं, मग बरं वाटलं. (ज्यांना बीपीचा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं, आणि वर धावाधाव करू नये, हे पुरवणीत लिहायला हवं होतं.) वर खडकात कोरलेले बोगदे आहेत, लिफ्ट आहे, गच्च्या आहेत, आणि २०१३ पासून एक काचेची खोली आहे, तिच्यात उभं राहिलं की पायाखाली हजार मीटर मोकळं.

त्या गच्चीवर आपल्याकडचा एक ग्रुप होता, तीसेक जण, सगळे मराठी. त्यात एक आजोबा होते, ऐंशीच्या आसपासचे असतील, डोक्यावर माकडटोपी, एका हाताने कठडा घट्ट धरलेला. सगळे फोटोत होते आणि हे एकटेच समोर बघत उभे. त्यांनी टूर मॅनेजरला विचारलं, "अहो, भाभांचं विमान नेमकं कुठं पडलं हो?" त्या पोराने इकडं तिकडं बघितलं, म्हणाला, "काका, ते इथलं नसेल, तुम्ही फोटो काढून घ्या, पंचवीस मिनिटं राहिलीत." आजोबांनी मग माझ्याकडं बघितलं, माझी साडी आणि वर कोट बघून मी त्यांना आपली वाटले असेन. आणि मला सांगता आलं नाही. डॉ. होमी भाभा माँ ब्लाँवर विमान अपघातात गेले हे मी कितीतरी बॅचेसना शिकवलंय, प्रयोगशाळेत त्यांचा फोटो होता, पण ते एका ओळीत, आणि तोच पर्वत समोर होता तरी कुठं ते मला दाखवता येईना. आजोबा म्हणाले, "असू दे हो," आणि ग्रुपबरोबर गेले. ते "असू दे" मला फार लागलं.

खाली आल्यावर आम्ही मुक्काम दोन दिवसांनी वाढवला. शामोनीत जे वाचायला मिळालं ते वाचलं, लेकीला फ्रेंच येतं म्हणून तिच्याकडून पाट्या वाचून घेतल्या, लोकांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते सांगते.

भाभांच्या विमानाचं नाव होतं कांचनजंगा. एअर इंडियाचं बोइंग ७०७, मुंबईहून निघून दिल्ली, बैरुत, जिनिव्हा करत पुढं लंडन आणि न्यूयॉर्कला जायचं. २४ जानेवारी १९६६. विमानात ११७ माणसं, कोणीही वाचलं नाही. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते, वय ५६. शास्त्रीजींचं ताश्कंदला निधन होऊन दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते आणि ज्या दिवशी इंदिराबाईंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली त्याच दिवशी सकाळी हे घडलं. तेव्हा देशाने काय काय सोसलं असेल. सकाळचे आठ वाजून गेले होते, विमान जिनिव्हाला उतरायच्या तयारीत होतं, म्हणजे ज्या विमानतळावर मी सामानाची ट्रॉली ढकलत बाहेर आले तिथंच ती माणसं अर्ध्या तासात बाहेर पडली असती. विमानातलं दिशा सांगणारं एक यंत्र बंद होतं, वैमानिकाने आपण कुठं आहोत याचा अंदाज बांधला, त्याला वाटलं माँ ब्लाँ मागं पडला, खालच्या रडारवरून सांगितलं गेलं की माँ ब्लाँ अजून पाच मैल आहे, पण ते बोलणं त्याने वेगळ्या अर्थाने घेतलं आणि विमान खाली आणत राहिला. शिखराच्या अगदी जवळ, पावणेपाच हजार मीटरच्या आसपास, विमान धडकलं. फ्रेंच चौकशीत हेच निघालं. आपल्याकडं व्हॉट्सअपवर या अपघाताच्या नाना कहाण्या फिरतात, कोणी घातपात म्हणतं, कोणी आणखी काही, पण चौकशीत काय निघालं ते कोणी पुढं पाठवत नाही, आणि दोन माणसांच्या बोलण्यातल्या एवढ्याशा घोटाळ्याने ११७ जीव जातात ही गोष्ट मला तरी कुठल्याही कटापेक्षा जास्त भयंकर वाटते.

पण मला मुख्य सांगायचंय ते पुढंच आहे.

भाभांच्या आधी सोळा वर्षं, त्याच डोंगरावर, जवळजवळ त्याच जागी, एअर इंडियाचंच आणखी एक विमान पडलं होतं. मलबार प्रिन्सेस. ३ नोव्हेंबर १९५०. हेही मुंबईहून निघालेलं, कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला चाललेलं, चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान. चाळीस प्रवासी आणि आठ कर्मचारी, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस गेले. आणि ते प्रवासी कोण होते? बहुतेक सगळे आपले खलाशी. ब्रिटनमधल्या बंदरात एका जहाजावर कामाला रुजू व्हायला चालले होते. बोटीवरची माणसं, जन्म समुद्रकाठी गेलेला, बर्फ तरी कधी बघितलं असेल का त्यांनी, आणि शेवट झाला तो ४७०० मीटरवर नोव्हेंबरच्या वादळात. मला हे नाव त्याआधी ऐकून सुद्धा माहिती नव्हतं. ओळखीच्या वीस-पंचवीस जणांना आल्यावर विचारलं, एकाला माहिती होतं.

शामोनीतल्या लोकांना मात्र माहिती आहे, कारण त्यांचाही माणूस त्यात गेला. विमान बेपत्ता झाल्यावर वाईट हवामानात शामोनीचे गाईड वर निघाले, कोणी जिवंत असेल तर आणू म्हणून. वाटेत त्यांच्यातला एक, रने पायो, बर्फाच्या भेगेत पडून गेला आणि तुकडीला माघारी यावं लागलं. मग खोऱ्याच्या दुसऱ्या अंगाच्या सेंट-जर्व्हे गावच्या गाईडांची तुकडी वेगळ्या वाटेने वर पोचली, तर तिथं वाचवायला कोणी उरलं नव्हतं. आपल्या खलाशांसाठी, ज्यांचं नावगाव भाषा काही ठाऊक नाही अशांसाठी, एक परका माणूस वादळात घराबाहेर पडला आणि परत आला नाही. त्याचं नाव तरी आपल्या मराठी पेपरात एकदा छापून यावं असं मला फार वाटतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही बोसाँ हिमनदीकडं गेलो. शामोनीच्या जवळच, खुर्च्यांचा रोपवे आहे, उन्हाळ्यात चालतो, वर एक लाकडी चहाफराळाचं घर आहे. ही हिमनदी माँ ब्लाँच्या माथ्यापासून निघून पार खोऱ्यापर्यंत उतरते, आता खूप आक्रसलीय, खालचा भाग नुसता दगडगोट्यांचा राहिलाय. दोन्ही विमानांचे अवशेष हिच्याच पोटात गेले आणि हीच ते हळूहळू खाली आणून देते. त्या घरापाशी असे सापडलेले तुकडे ठेवलेत. ॲल्युमिनियमचा एक पत्रा होता, दोन वितींचा असेल, कडा चुरगळलेल्या कागदासारख्या, पण रिव्हेटची रांग अगदी सरळ, एकही निखळलेला नाही, आणि बर्फाने घासून घासून तो चांदीच्या ताटासारखा झालेला. हात लावायचं माझं धाडस झालं नाही. हे म्हणाले, कुणीतरी हे रिव्हेट एकेक करून बसवले असतील गं. मग दोघंही गप्प उभं राहिलो बराच वेळ.

हिमनदी म्हणजे नावाप्रमाणं खरंच नदी असते, वाहते, फक्त सावकाश. याचा पुरावाही याच बोसाँने दिलाय आणि ती गोष्ट मला माझ्या वर्गात सांगायला मिळाली असती तर मुलांनी जन्मभर लक्षात ठेवली असती. १८२० साली शिखरावर निघालेल्या एका तुकडीवर हिमलोट आला आणि तीन गाईड भेगेत गडप झाले. (त्या अपघातानंतर पुढच्या वर्षी, १८२१ ला, शामोनीच्या गाईडांनी आपली संघटना काढली, ती आजही चालू आहे.) जेम्स फोर्ब्स नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हिमनद्यांचा वेग मोजला होता, त्याने हिशोब करून सांगितलं की साधारण चाळीस वर्षांनी हे तिघे खाली निघतील. आणि १८६१ साली, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी, बोसाँच्या खालच्या टोकाला त्यांचे अवशेष निघाले. त्या अपघातातून वाचलेला एक गाईड तेव्हा हयात होता, म्हातारा झालेला, त्याने आपल्या सोबत्यांना ओळखलं. ते तरुणच राहिले होते.

आता आपल्या विमानांचं बघा. २०१२ मध्ये डोंगरावर एक पोतं सापडलं, वर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं नाव, राजनैतिक टपाल म्हणून लिहिलेलं, ते १९६६ च्या विमानातलं. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू आणि नीलम भरलेली पेटी सापडली, लाखो रुपयांचा ऐवज, त्याने ती तशीच पोलिसांत नेऊन दिली. भारतात वारस शोधायचा प्रयत्न झाला, कोणी पुढं आलं नाही, शेवटी २०२१ ला ती रत्नं अर्धी त्या गिर्यारोहकाला आणि अर्धी शामोनी गावाला वाटून दिली. आणि संपादक महाराज, २०२० च्या उन्हाळ्यात काय निघालं, तर वर्तमानपत्रं! जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं, चौपन्न वर्षं बर्फात राहिलेली, वाळवल्यावर वाचता येत होती, पहिल्या पानावर इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी. कुणीतरी मुंबईला किंवा दिल्लीला विमानात बसताना अंक घेतला असेल, वाचून घडी करून समोरच्या खिशात ठेवला असेल. तुम्ही वर्तमानपत्रवाले आहात म्हणून तुम्हाला हे मुद्दाम सांगतेय.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटलं, म्हणजे तिथल्याच लोकांच्या इतिहासातलं, आणि ती खलाशांच्या गोष्टीपासून मला वेगळी काढता येत नाही. शामोनीच्या चौकात एक पुतळा आहे, त्यात दोन माणसं. एक शिखराकडं हात करून दाखवतोय, तो बाल्मा. दुसरा बघतोय, तो जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर. या सोस्यूरने १७६० साली जाहीर केलं होतं की माँ ब्लाँच्या माथ्याची वाट शोधून काढेल त्याला बक्षीस. त्या काळी लोक या डोंगराला शापित म्हणायचे, बर्फावर रात्र काढली तर माणूस मरतो अशी समजूत. शेवटी सव्वीस वर्षांनी, ८ ऑगस्ट १७८६ ला संध्याकाळी साडेसहाच्या आत, दोन जण माथ्यावर पोचले. दोर नाही, बर्फाची कुऱ्हाड नाही, नुसत्या लांब काठ्या. एक हा झ्याक बाल्मा, डोंगरात स्फटिक शोधून विकणारा. आणि दुसरा गावचा डॉक्टर, मिशेल-गाब्रिएल पाकार. डॉक्टरने सोबत बॅरोमीटर आणि थर्मामीटर वर नेला होता, मोजमापं घेतली, खाली येईस्तोवर डोळे बर्फाच्या चकाकीने गेल्यासारखे झाले होते.

मग चौकातल्या पुतळ्यात डॉक्टर कुठं आहे? नाही. बक्षीस बाल्माला मिळालं, आणि बूरी नावाच्या एका लेखकाने, ज्याला स्वतःला शिखर जमलं नव्हतं, पत्रं लिहून पसरवलं की खरी कामगिरी बाल्माची, डॉक्टर नुसता मागून ओढत नेलेला. पाकारने आपलं पुस्तक काढायचं जाहीर केलं होतं, ते निघालंच नाही. पुढं म्हातारपणी बाल्माने अलेक्झांडर द्युमासारख्या नामांकित लेखकाला आपली बाजू रंगवून सांगितली आणि तीच जगभर गेली. डॉक्टर तोवर वारला होता. खालून एका जर्मन सरदाराने दुर्बिणीतून त्या दोघांची चढाई बघून वेळेसकट नोंद करून ठेवली होती, ती पुढं उजेडात आली तेव्हा कळलं की डॉक्टर बरोबरीने चढला. पुतळा १८८७ चा. पाकारचा पुतळा बसवला १९८६ ला, चढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा. तो थोडा बाजूला आहे, एकटा बसलाय, शिखराकडं बघत. बहुतेक पर्यटक मोठ्या पुतळ्यापाशी फोटो काढून निघून जातात. आम्ही डॉक्टरांपाशी जाऊन बसलो.

दोनशे वर्षं लागली हो. आणि तो तर लिहितावाचता डॉक्टर होता, त्याच गावचा. आपल्या खलाशांच्या बाजूने पत्रं लिहायला कोण होतं?

म्हणून माझी तुमच्याकडं एक मागणी आहे आणि ती मी मनापासून करतेय. तुमच्या कचेरीत जुन्या अंकांच्या फायली असतील, नसतील तर ग्रंथालयात असतीलच. नोव्हेंबर १९५० चे अंक काढा. मुंबईहून सुटलेल्या विमानाची बातमी तेव्हा नक्की मोठी छापली गेली असेल, प्रवाशांची यादी आली असेल. ती चाळीस आणि आठ नावं पुन्हा एकदा छापा, बरोबर रने पायोचंही. त्यांची मुलं आता म्हातारी असतील, नातवंडं असतील, कुणाच्या घरात बोटीच्या युनिफॉर्ममधला आजोबांचा फोटो भिंतीवर असेल आणि "परदेशात वारले" एवढंच माहिती असेल. त्यांना जागा कळू दे. ऐकणारे टूरवाले असतील तर त्यांनाही विनंती, वर नेता त्या लोकांना दोन मिनिटं हे सांगा, वेळ काढायचाच असेल तर बोसाँला पण न्या, लांब नाही.

आणि त्या आजोबांचं नाव मला माहिती नाही, पण ते मराठी आहेत आणि पेपर वाचणारे वाटले, म्हणून इथंच सांगते. आजोबा, तुम्ही कठडा धरून उभे होतात तिथून समोर सगळ्यात मागचा जो गोल पांढरा माथा दिसत होता तो माँ ब्लाँ. त्याच्या उजव्या हाताला एक बर्फाची धार खाली उतरते, तिच्यावर उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे आहेत. त्या धारेवर, माथ्यापासून थोडंसंच खाली, तूर्नेत नावाचे खडक आहेत. तिथं. दोन्ही विमानं तिथंच. तुम्ही बघत होतात ते बरोबर तिकडंच बघत होतात.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका